दहावी: राज्य मंडळ की एनआयओएस?

आठवी संपत आली की स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या घरात हा प्रश्न येतोच: दहावी राज्य मंडळातून द्यायची, की एनआयओएसमधून, म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून? राज्य मंडळातून बसवलं तर शाळा, मित्र, डब्याची सुट्टी तीच राहते, आणि ओळखीचं वेळापत्रक या मुलांसाठी किती मोलाचं असतं ते आईबापच जाणतात. जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण कागदपत्रांसाठी नववीतच धावाधाव सुरू करा. अडचण वेगळीच आहे. सगळे विषय एकाच महिन्यात, अनोळखी केंद्रावर, घंटांच्या गोंगाटात द्यायचे.

एनआयओएसमध्ये पाच विषय पुरतात, त्यात एक भाषा हवी. गणित सक्तीचं नाही. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री घेता येतं. नोंदणी ५ वर्षं चालते, परीक्षेच्या ९ संधी मिळतात, एकदा पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. म्हणजे यंदा दोन, पुढच्या वर्षी एक असंही चालतं. मात्र रोजची शाळा सुटते, आणि दिवस भरायची जबाबदारी घरावर येते (बहुधा आईवर, हे वेगळं सांगायला नको).

मूल वर्गात रमत असेल तर मी शाळा सोडवणार नाही. परीक्षेच्या नुसत्या नावाने ते झोप गमावत असेल, तर एनआयओएस.