एलओटी गेला म्हणून ५,५०० रुपये उकळले

तपासणीचे ५००, 'इम्पोर्टेड एलओटी'चे ३,८००, मजुरी १,२००. आणि एलओटी, म्हणजे मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, बदललाच नाही!

मॉनिटर १९९६ सालचा, १४ इंची रंगीत, जुन्या ४८६ कॉम्प्युटरला जोडलेला. चित्र गेलं, काचेवर नुसती एक लखलखीत आडवी रेघ उरली. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या एका गाळ्यात नेला. झाकणसुद्धा न काढता निदान झालं, "साहेब, एलओटी गेला. आत पंचवीस हजार व्होल्ट असतं, घरी हात लावू नका."

दुसरं वाक्य खरं होतं, डाव तिथेच होता. रंगीत ट्यूबला एवढं व्होल्टेज लागतंच आणि प्लग काढल्यावरही ते आत साठून राहू शकतं. म्हणून मी उघडला नाही. त्यावरून मला कोणी शहाणपण शिकवू नये.

पण ती रेघ! समोर दिसत होती हो. एलओटी गेला असता तर ट्यूबला हाय व्होल्टेजच मिळालं नसतं, पडदा काळाठिक्कर राहिला असता. रेघ उमटतेय म्हणजे एलओटी ठणठणीत, बिघाड व्हर्टिकलमध्ये, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या सर्किटमध्ये. आयसी, कपॅसिटर, नाहीतर ड्राय सोल्डर, म्हणजे सैल पडलेला टाका. रोज हेच काम करणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं? (अशी रेघ दिसली की लगेच बंद करा, काचेमागचा उजेड देणारा थर, फॉस्फर, जळतो.)

पैसे भरून घरी आणला, थोडे दिवस चालला, पुन्हा तीच रेघ. सातपूरच्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिककाकांनी उघडला. एलओटीवर वर्षांची धूळ, सोल्डर कंपनीचंच. नवं सोल्डर फक्त व्हर्टिकल आयसीच्या दोन पायांना, तेही थुंकी लावल्यासारखं. काकांनी नीट करून दिलं, २५० रुपयांत.

पोलीस ठाण्यात गेलो तर अंमलदार हसला. "या भंगारावर एवढे घातले?" मग म्हणे बिल दाखवा. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार! मग म्हणे ही दिवाणी बाब. मग साहेब बंदोबस्तात. अर्ज घेतला नाही, पोच तर दूरच. बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी "ग्राहक मंचात जा". हे दारातच सांगता आलं नसतं?

काढलेला पार्ट हातात मागा. झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे, तोंडावर सांगा. हेल्पलाइन १९१५. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) शुल्क नाही. ३,८०० यूपीआयने दिले होते, त्याची नोंद जोडून माझा अर्ज तिथे जातोय. १,७०० रोख दिले, त्यांचा पुरावा शून्य.