मॅच पिस्तुलासाठी ‘खास’ तेल विकणाऱ्यांपासून सावध राहा

शूटिंगच्या स्पर्धा चालू असतात तिथे रेंजच्या बाहेर टेबल मांडून ‘फक्त कॉम्पिटिशन पिस्तुलांसाठी’ म्हणून तेल विकणारी माणसं हल्ली दिसतात. अशाच एकाने मला फसवलं. पैसे गेले ते गेलेच, पण माझ्या .२२ पिस्तुलाची फायरिंग पिन (काडतुसावर आपटून गोळी उडवणारी पिन) आणि रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे ढकलणारी स्प्रिंग) खराब झाली आणि मेहनतीने तयारी केलेली एक मॅच हातची गेली. तेच तेल आता नव्या लेबलाखाली विकलं जातंय, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. नव्याने खेळायला लागलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हे जरूर वाचावं. विक्रेत्याची पहिली नजर त्यांच्यावरच असते.

सगळी भुरळ पडते ती टेबलावरच्या यंत्रामुळे. छोट्या मोटरवर एक पोलादी रिंग फिरत असते आणि तिचा खालचा भाग तेलाच्या वाटीत बुडलेला असतो. एका लिव्हरने तिच्यावर पोलादाचा लहानसा ठोकळा दाबतात. आधी वाटीत नेहमीचं गन ऑइल ओततात. लिव्हरवर थोडा भार पडला की कर्कश आवाज येतो, मोटर अडते आणि ठोकळ्यावर नखाएवढा ओरखडा उठतो. तो ओरखडा सगळ्यांच्या हातात फिरवला जातो. मग वाटीत ‘खास’ तेल येतं. विक्रेता लिव्हरवर वजनांमागून वजनं चढवतो, शेवटी स्वतःच रेलतो, तरी रिंग फिरतच राहते. “तुमच्या पिस्तुलाच्या आत हेच चालतं, ताई. आता तुम्हीच ठरवा.”

पिस्तुलाच्या आत हे चालत नाही, आणि फसवणुकीचं मूळ इथेच आहे. हे यंत्र अतिदाबाखालचं घर्षण दाखवतं. गिअरबॉक्समध्ये किंवा धातू कापताना पोलादावर पोलाद प्रचंड दाबाने घासतं, तिथे असे गुण लागतात. .२२ च्या मॅच पिस्तुलात हलका बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग, आपल्या खाचेत मागेपुढे सरकतो. त्याच्यावरचा भार इतका कमी असतो की कोणतंही साधं, स्वच्छ, पातळ तेल तिथे पुरतं. त्या तेलाने तीन गोष्टी करायच्या असतात: पातळ राहायचं, चिकट व्हायचं नाही आणि धातूला गंजू द्यायचं नाही. यातली एकही गोष्ट ते यंत्र तपासत नाही.

मग त्या यंत्रावर ते तेल जिंकतं कसं? क्लोरिनेटेड पॅराफिनमुळे. हे स्वस्त औद्योगिक द्रव्य आहे, धातुकामाच्या तेलांत वापरलं जातं. दाब आणि उष्णता वाढली की त्यातला क्लोरीन लोखंडाशी संयोग पावून पृष्ठभागावर आयर्न क्लोराइडचा पातळ थर तयार करतो आणि तो थर दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटू देत नाही. याच यंत्रावर साधा शाम्पूसुद्धा भल्याभल्या इंजिन ऑइलपेक्षा सरस ठरवून दाखवता येतो. शाम्पू कोणी पिस्तुलात घालणार नाही. आणखी एक चलाखी मला नंतर कळली. पहिल्या तेलाच्या वेळी ठोकळ्याची कोरी बाजू रिंगला टेकते, म्हणजे संपर्काची जागा रेघेएवढी. ओरखडा पडला की ती जागा पसरते आणि तेवढ्याच भाराला दाब कितीतरी कमी होतो. दुसऱ्या तेलासाठी ठोकळा फिरवून कोरी बाजू घेतली नाही, तर निकाल आधीच ठरलेला असतो. माझ्यासमोर तो फिरवला गेला नव्हता.

हा खेळ मोटारींच्या दुनियेत जुनाच आहे. इंजिन ऑइलमध्ये मिसळायच्या चमत्कारी द्रव्यांच्या जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात एकामागून एक कारवाया केल्या. तिथलं दुकान आवरून ही मंडळी आता आपल्या खेळात घुसली आहेत, असं माझं मत आहे.

तोंडी दावे तर विचारूच नका. तेल पोलादाच्या छिद्रांत मुरतं, म्हणून पुढे साफसफाईची गरज नाही. ऑलिम्पिकचे शूटर हेच वापरतात. ‘मिल-स्पेक’, म्हणजे लष्करी मानकाचं आहे. पहिल्या दाव्याला काही अर्थ नाही. छिद्रं असतात ती धातूची पूड दाबून केलेल्या सच्छिद्र बेअरिंगना, आणि त्यांत तेल मुरवतातही. पिस्तुलाची नळी आणि बोल्ट घन पोलादाचे असतात. दुसऱ्या दाव्यावर मी एका तरी शूटरचं नाव विचारलं, तेव्हा “करार गोपनीय आहे” असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दाव्याचं म्हणाल तर शस्त्र साफ करणं, वंगण आणि गंजरक्षण ही तिन्ही कामं करणाऱ्या तेलांसाठी अमेरिकी लष्कराचं एमआयएल-पीआरएफ-६३४६० नावाचं मानक खरोखर आहे, आणि त्यात उत्तीर्ण झालेल्या उत्पादनांची यादीही असते. त्या बाटलीवर नुसता ‘मिल-स्पेक’ असा शिक्का होता, पुढे क्रमांक नाही.

बाटली एवढीशी, तोंडाला सुईसारखी नळी, तेल मधाच्या रंगाचं, वास गोडसर. नेहमीच्या तेलाच्या कितीतरी पट किंमत मोजली. सुरुवातीच्या सरावात बोल्ट खरंच मऊ चालला. जाडसर ताजं तेल घातलं की कोणतंही पिस्तूल असंच लागतं, म्हणून विक्रेत्यांना पहिल्या दिवशी शाबासकीचे फोन जातात. मध्ये परीक्षा आल्या, पिस्तूल काही आठवडे पेटीत राहिलं, आणि मग थेट मॅच.

२५ मीटर पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट ३ सेकंद समोर येतं, मग ७ सेकंद बंद. दर वेळी हात खालून वर आणून एकच शॉट, असे पाच शॉट म्हणजे एक सिरीज. त्या ३ सेकंदांत मी ट्रिगर दाबला आणि नुसता ‘टक्’ झाला. नियमाप्रमाणे नळी टार्गेटकडेच ठेवून, पकड न सोडता मोकळा हात वर केला. बोल्टला हात लावला असता तर तो मालफंक्शन (पिस्तुलातला बिघाड) मान्यच झाला नसता. तपासणी झाली, मान्य झाला. पण ३० शॉटच्या एका टप्प्यात ही सवलत एकदाच मिळते. पुढच्या सिरीजमध्ये बोल्ट पूर्ण बंदच होईना, शेवटचा केसभर राहत होता. न झाडलेले शॉट शून्य धरले गेले. पुढचं सांगण्यासारखं काही नाही.

घरी जायच्या आधीच आर्मररकडे, म्हणजे पिस्तूल दुरुस्त करणाऱ्यांकडे गेले. त्यांनी मिसफायर झालेली गोळी भिंगाखाली धरून दाखवली. .२२ च्या काडतुसात प्रायमर (ठोका बसताच पेटणारा मसाला) बुडाच्या कडेत असतो, तिथे पिनचा ठसा खोल आणि धारदार हवा. माझ्या गोळीवर जेमतेम एक उथळ खळगा होता. मग पिन बाहेर काढली. तिच्या पोकळीत तपकिरी, ओढली तर तार यावी असा चिकट गाळ होता. त्यात काडतुसातली न जळलेली दारू, शिशाची भुकटी आणि .२२ च्या गोळीवरचं मेण, सगळं कालवलेलं. गाळ पुसला तेव्हा पिनच्या टोकाजवळ बारीक खड्डे दिसले. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्येही नारिंगी ठिपके होते. बोल्टचा चेहरा, म्हणजे जिथे गरम वायू थेट येतो ती जागा, सगळ्यात वाईट होती. लाकडी ग्रिप उतरवली तर आतून तेल पिऊन काळपट झालेली.

गंज आणि चिकटपणा या दोन वेगळ्या तक्रारी होत्या, म्हणून उरलेलं तेल घेऊन मी मैत्रिणीकडे गेले. ती रसायनशास्त्र शिकवते. तिने तांब्याची तार बर्नरच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली, ज्योतीला रंग येत नाही याची खात्री केली, गार होऊ दिली, टोकाला आमच्या तेलाचा ठिपका लावला आणि पुन्हा ज्योतीत धरली. आधी तेल पिवळं जळलं. मग ज्योतीची कड हिरवीगार झाली आणि हिरवीच राहिली. ही बेलस्टाइनची चाचणी, १८७२ सालापासूनची. तांब्याच्या संपर्कात क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीनची संयुगं जळली की असा रंग येतो. माझ्या जुन्या साध्या तेलाला त्याच तारेवर काहीच रंग आला नाही. (हे घरी करू नका, निघणारा धूर विषारी असतो. तिने प्रयोगशाळेच्या फ्यूम हूडमध्ये केलं.) या चाचणीने तेलात नेमकं कोणतं संयुग आहे ते कळत नाही, पण क्लोरीनसारखं हॅलोजन आहे एवढं कळतं, आणि बाटलीवर तर ठसठशीत ‘क्लोरीनमुक्त’ छापलेलं होतं. क्लोरीनची अशी संयुगं गरम वायूंत विघटित झाली की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि हवेतल्या ओलाव्यात त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. बोल्टच्या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त खड्डे का, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

चिकटपणासाठी तिने काचेच्या दोन पट्ट्यांवर दोन्ही तेलांचे पातळ थर देऊन त्या उबदार जागी ठेवल्या. साधं तेल ओलंच राहिलं. ‘खास’ तेलावर बोट टेकलं तर ठसा उमटला. वनस्पती तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन अशीच आळतात. त्यात तसलं काहीतरी भरलेलं असावं असा तिचा अंदाज आहे.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, जुनं तेल नीट काढलं नसेल. मग म्हणाला, गोळ्या हलक्या असतील. हिरव्या ज्योतीचं सांगितल्यावर म्हणाला, “त्यात टेफ्लॉन आहे, त्याचा रंग तो.” हेही खोटं. टेफ्लॉनमध्ये फ्लोरीन असतो आणि कॉपर फ्लोराइडची वाफ होत नसल्यामुळे फ्लोरीन या चाचणीत तो रंग देत नाही. मी सेफ्टी डेटा शीट (तेलातले घटक आणि धोके सांगणारा उत्पादकाचा कागद) मागितली, त्यानंतर फोन उचलणंच बंद झालं. काही काळाने दुसऱ्या एका स्पर्धेत तीच मोटर, तीच सुईवाली बाटली आणि तोच गोडसर वास, फक्त नाव नवं. मी तिथे जमलेल्या मुलांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने टेबल आवरतं घेतलं.

कोणतंही तेल घ्यायच्या आधी ती सेफ्टी डेटा शीट मागा. प्रामाणिक उत्पादक ती देतो. तिचे १६ विभाग ठरलेले असतात. तिसऱ्यात घटक, नवव्यात फ्लॅश पॉइंट, स्निग्धता वगैरे. तिसऱ्या विभागात ‘क्लोरिनेटेड’, ‘क्लोरो अल्केन’ असे शब्द किंवा ८५५३५-८५-९ हा सीएएस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक) दिसला तर बाटली खाली ठेवा. या कुटुंबातल्या आखूड साखळीच्या पॅराफिनचा समावेश २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत झाला आहे. ते पर्यावरणात टिकून राहतं, म्हणजे हाताला लागलेलं तेलही काळजीचंच.

पिस्तुलासोबत आलेल्या पुस्तिकेत जे लिहिलंय त्याच्या बाहेर जायचं कारण मला तरी दिसत नाही. माझे सर सुरुवातीपासून सांगत आले आहेत तेच आता करते: बोल्टच्या खाचांना पातळ कृत्रिम तेलाचा एकेक थेंब, तोही पसरून पुसायचा. सिअरवर (ट्रिगर दाबेपर्यंत ठोका अडवून धरणाऱ्या भागावर) पुस्तिका सांगत असेल तरच मऊ ग्रीसचा कण, आणि तो लावल्यावर १००० ग्रॅमच्या वजनाने ट्रिगर पुन्हा तपासायचा. फायरिंग पिनची पोकळी आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) कोरडे. मॅगझिन कोरडं. मुरणारी तेलं गोळ्यांच्या आसपासही नकोत, ती काडतुसात शिरून प्रायमर मारू शकतात. एअर पिस्तूलवाल्यांनी तर जास्तच जपावं. २०० बार दाबाच्या हवेजवळ खनिज तेल गेलं तर ते पेट घेऊ शकतं, त्यामुळे सिलिंडरच्या तोंडाशी आणि सीलवर असल्या बाटलीतला थेंबही नको.

ज्यांनी हे तेल आधीच घातलंय त्यांनी वरून दुसरं तेल घालून ते पातळ करायचा प्रयत्न करू नये. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, आधी ग्रिप काढा, मग सगळे भाग मिनरल स्पिरिटने धुवा. ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर त्याच्याही डब्यावर ‘क्लोरिनेटेड’ नाही ना ते पाहा. फायरिंग पिन आणि सिअर स्वतः उघडू नका, आर्मररकडून उघडून घ्या आणि खड्डे पडलेली पिन बदलून घ्या. कोरडं झाल्यावर साधं तेल लावा आणि मॅचच्या आधी सरावात भरपूर गोळ्या झाडून बघा. बाटली मात्र फेकू नका. बॅच नंबरसकट तिचा फोटो काढा, बिल जपा, आणि खराब झालेली पिन आर्मररकडून मागून घेऊन जवळ ठेवा. ग्राहक तक्रारीत माझं म्हणणं आजवर टिकलंय ते या तीन वस्तूंमुळे.