भिंतीवर हारुनोबु लावावा की कुनियोशी?

दंतकथांची थट्टा करणारं एखादं जपानी लाकूडठशाचं चित्र घरात लावायचं मनात असेल, तर माझ्या मते निवड या दोघांतच आहे. दोघांच्या थट्टेची जात मात्र अगदी वेगळी.

सुझुकी हारुनोबु 1765च्या सुमारास बहुरंगी छपाईत आघाडीवर होता. त्याची थट्टा मायेची. चिनी दंतकथेतला किंको हा सिद्धपुरुष कार्प माशावर स्वार होऊन पाण्यातून वर येतो. हारुनोबुने त्या माशावर एका नटलेल्या तरुणीला बसवलं आणि तिच्या हाती प्रेमपत्र दिलं. ती वाचण्यात इतकी रमली आहे की खालच्या लाटांकडे तिचं लक्षच नाही. आपल्याकडून चीनला गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने बोरूच्या काडीवर उभं राहून यांगत्से ओलांडली म्हणतात. हारुनोबुकडे त्या काडीवरही एक सुंदरीच उभी आहे. मूळ कथा ठाऊक नसली तरी चित्र आवडतं, हे त्याचं मोठं बळ.

उतागावा कुनियोशीची थट्टा बोचरी. 1843चं त्याचं तीन भागांचं चित्र घ्या. जपानी दंतकथेतला आजारी योद्धा राइको पेंगतो आहे, त्याचे सरदार पटावरच्या डावात दंग आहेत, मागे महाकाय कोळीकिडा जाळं पसरतोय आणि भुतांची अख्खी फौज चालून येतेय. तेव्हा सरकारने काटकसरीच्या नावाखाली नाटकं, करमणूक, चैनीचे धंदे यांवर निर्बंध लादले होते. लोकांनी राइकोत शोगुन (म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश) इएयोशीला ओळखलं, एका सरदाराच्या कपड्यावरच्या चिन्हावरून मंत्री मिझुनो तादाकुनीला, आणि भुतांमध्ये पोटावर पाय आलेल्या लोकांना. प्रकाशकाने घाबरून चित्र मागे घेतलं. विडंबन म्हणून हे मला जास्त थोर वाटतं. पण ते समजावून सांगावं लागतं, आणि तीन कागद शेजारीशेजारी लावायला पाऊण मीटर भिंत हवी.

हारुनोबुचं चित्र साधारण 28 बाय 20 सेंटीमीटरचं; लिहिण्याच्या टेबलाजवळ, हाताच्या अंतरावर लावावं. रोज पाहायचं असेल तर मी तेच घेईन. गप्पांच्या बैठकीत मात्र कुनियोशी हवा.

हारुनोबुची मूळ प्रत फार महाग पडते, शिवाय त्यातले नाजूक रंग उजेडाने उडतात. त्याची हाताने ठसे उमटवलेली नवी प्रत घ्या. यंत्रावर छापलेलं पोस्टर नको. कुनियोशीच्या साध्या मूळ प्रती तुलनेने आवाक्यात असतात. कुठलंही घेतलं तरी खिडकीसमोर टांगू नका. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दोघांची चित्रं मोठी करून पाहता येतात. पैसे मोजण्याआधी तिथे एक संध्याकाळ घालवा.