कराटेच्या सरावासाठी घरी जोडमॅट: पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

मी शोतोकान ही कराटेची शैली शिकते. क्लासमध्ये स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची पद्धत, दाखवतात, पण पायांत तो मुरतो तो घरच्या सरावानेच. आमच्या गुळगुळीत लादीवर झेनकुत्सु-दाचीतली (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताठ ठेवून उभं राहणं) मागची टाच सरकायची, म्हणून 1 मीटर बाय 1 मीटरच्या, 25 मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमच्या मॅट घेतल्या. एकमेकींच्या दातांत अडकवायच्या असतात त्या.

सगळ्यात जास्त उपयोग झाला जोडांच्या रेषांचा! झेनकुत्सुमध्ये दोन पायांत खांद्याइतकी रुंदी हवी. पावलं टाकत गेलं की ती आक्रसते आणि तारेवर चालल्यासारखा तोल जातो. रेषेच्या दोन बाजूंना पाय ठेवले की हे लगेच दिसतं. कोकुत्सु-दाचीत, म्हणजे मागे भार देऊन उभं राहताना, उलट, दोन्ही टाचा एका रेषेत आणि साधारण 70 टक्के भार मागच्या पायावर. तेक्की शोदान हा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) तर सगळा किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून, आडव्या सरळ रेषेत चालतो. तीन-चार तुकडे ओळीने मांडले की कुठे तिरकं सरकलो ते तिथेच कळतं.

वळताना मात्र जपा. मॅटचा खरखरीत पृष्ठभाग अनवाणी तळवा धरून ठेवतो. हेइआन शोदान या कातामध्ये 180 आणि 270 अंशांची वळणं आहेत. तिथे पाऊल अडकलं आणि कंबर फिरत राहिली, तर सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. मागचा पाय आधी आडवा सरकवून जागेवर आणायचा आणि मगच कंबर फिरवायची, हे सेन्सेई (आमचे शिक्षक) का घोकून घेतात ते मॅटवर पटलं. गुडघे दुखत असतील त्यांनी वळणं लादीवरच करावीत. योरी-आशी ही सरकत पुढे जायची चालसुद्धा मी लादीवरच करते, कारण दोन्ही पाय सरपटत न्यायचे असतात आणि मॅटवर ते अडखळतात. पण कुमितेच्या (समोरासमोरच्या लढतीच्या) स्पर्धा खेळायच्या असतील तर मॅटची सवय हवीच. तिथलं 8 बाय 8 मीटरचं मैदान अशाच तुकड्यांचं असतं.

रबरी वास आठवडाभर राहिला. पावसाळ्यात खालून ओल धरते, अधूनमधून सोडवून भिंतीला उभ्या करून वाळवाव्या लागतात. टाच जिथे वारंवार फिरते तिथले दात थोडे उचलले आहेत.

घेताना अंगठ्याने दाबून पाहा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. ज्युदोसाठीच्या 40 मिलिमीटरच्या मॅट पडण्यासाठी चांगल्या, पण त्यांत टाच रुतते आणि भार कुठे आहे ते उमगत नाही. निदान सहा तुकडे घ्या, आणि कडेच्या पट्ट्या सोबत येतात का ते आधीच विचारा.