मध्यरात्रीनंतर मुंबईत जेवायचे कुठे: कुलाबा, मोहम्मद अली रोड, हॉटेलांची कॉफी शॉप आणि माटुंगा

रात्री अकराच्या सुमारास विमान उतरते, सामान हाती येऊन दक्षिण मुंबईतल्या हॉटेलवर पोहोचेपर्यंत एक वाजून जातो, खोल्या ताब्यात मिळतात आणि मग लक्षात येते की घरच्या चौघांपैकी दोघांनी दुपारपासून धड काही खाल्लेले नाही. परदेशातून किंवा महाराष्ट्राच्या इतर भागांतून मुंबई पाहायला येणाऱ्या नातेवाइकांसाठी हा प्रश्न मला इतक्या वेळा सोडवावा लागला आहे की, आता कोणी ‘रात्री चांगले काय मिळते’ असे विचारले, तर मी आधी ‘किती वाजता’ आणि ‘परत कसे येणार’ हे दोन प्रश्न विचारतो. पदार्थाची कीर्ती रात्री फारशी उपयोगाची नसते; घड्याळ आणि वाहन यांवरच निवड ठरते.

मुंबईची रात्र जेवणाच्या दृष्टीने सलग नाही, तिचे तीन तुकडे पडतात. बारा ते दोन या वेळेत पर्याय पुष्कळ असतात, दोन ते साडेचार हा खरा कठीण काळ असतो आणि साडेचारनंतर शहर पुन्हा खायला घालू लागते, मात्र ते रात्रीचे जेवण नसून सकाळची न्याहारी असते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसरात्र व्यवसाय करण्याची मुभा दिली आणि जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईतील अनिवासी भागांतले मॉल व खाद्यगृहे चोवीस तास उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे सगळे शहर रात्रभर उघडे असेल असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ही केवळ मुभा आहे, सक्ती नव्हे. रात्रभर स्वयंपाकघर चालवायचे तर मालकाला कामगारांची आणखी एक पाळी उभी करावी लागते, महिला कर्मचाऱ्यांना रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत कामावर ठेवायचे असेल तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था कायद्यानेच आवश्यक आहे, आणि एवढे करून पहाटे तीनला चार गिऱ्हाईक येणार असतील तर हिशेब जुळत नाही.

इंटरनेटवरच्या वेळांवर विसंबणे त्यामुळे धोक्याचे ठरते. एकदा मी मावशी आणि तिच्या दोन नातवंडांना घेऊन पाऊण तासाचा प्रवास करून एका खाद्यगृहापाशी रात्री पावणेदोनला पोहोचलो होतो. नकाशावर ते ‘चोवीस तास’ दाखवत होते, पण शटर अर्धे खाली आले होते आणि आतला मुलगा फरशीवर पाणी ओतत होता. तेव्हापासून निघण्यापूर्वी फोन करून ‘शेवटची ऑर्डर किती वाजता घेता’ हे मी विचारतोच. ‘किती वाजेपर्यंत उघडे असता’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा शटरची वेळ सांगते, भट्टीची नव्हे.

बारा ते दोन या वेळेसाठी कुलाबा आणि मोहम्मद अली रोड यांची तुलना प्रामाणिकपणे करायला हवी, कारण दोन्हीकडे मांसाहारी पदार्थांचेच राज्य असले तरी अनुभव अगदी वेगळा आहे. ताजमहाल हॉटेलच्या मागे टलक रोडवर १९४६ पासून असलेले बडेमियाँ हे कबाबांसाठी सर्वांना ठाऊक आहे. तिथली बैदा रोटी तयार होताना पाहण्यासारखी असते: मैद्याची पोळी ताणून पातळ करतात, तिच्यावर खिमा आणि अंडे पसरतात, चारही कडा आत दुमडून चौकोनी घडी घालतात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस झाली की तिचे तुकडे करून कांदा, लिंबू आणि हिरव्या चटणीबरोबर वाढतात. कुलाब्याचा मोठा फायदा म्हणजे बहुतेक पर्यटकांची हॉटेले तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, रस्त्यावर उजेड आणि वर्दळ असते, आणि जेवणानंतर गेटवेकडे पाय मोकळे करता येतात. तोटा असा की, शनिवारी रात्री गर्दी दाटते, बसायला जागा मिळेलच असे नाही आणि लहान मूल पेंगत असेल तर उभ्याने खाणे कठीण जाते. मी स्वतः तिथे एक वाजेपर्यंत पोहोचण्याचा हिशेब ठेवतो, त्यापुढे नाही.

मोहम्मद अली रोडला, विशेषतः मिनारा मशिदीच्या आसपास आणि भेंडीबाजारात, चव अधिक खोल आहे आणि पैसेही कमी लागतात. नळी निहारी (नळीच्या हाडांसह मंद आचेवर शिजवलेला मांसाचा रस्सा), बारा हंडी (वेगवेगळ्या हंड्यांत शिजवलेले मांसाचे प्रकार), तंदुरी रोटी, मग मातीच्या वाटीत थंडगार फिरनी, म्हणजे दळलेल्या तांदळाची खीर, आणि गरम मालपुआ असा क्रम जमला, तर त्या जेवणाची आठवण वर्षभर राहते. सुलेमान उस्मान मिठाईवाला यांचे दुकान याच मशिदीजवळ आहे. मातीच्या वाटीचा उपयोग नुसता दिखाऊ नाही: माती ओलावा शोषून घेते, त्यामुळे फिरनी घट्ट होते आणि तिला एक मंद सुगंध येतो. मात्र रमजान आणि इतर महिने यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. रमजानमध्ये हा भाग पहाटेच्या सहरीपर्यंत, म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीच्या जेवणापर्यंत, जागा असतो आणि गर्दी एवढी असते की म्हाताऱ्या माणसांना किंवा कडेवरच्या बाळाला घेऊन मी तिथे जाणार नाही. इतर महिन्यांत मात्र उशीर करून चालत नाही. चांद्र कालगणनेमुळे रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो, म्हणून ‘मागच्या वेळी मार्चमध्ये गेलो होतो’ या आठवणीवर बेत आखू नये, त्या वर्षीची तारीख पाहावी.

दोन ते साडेचार या वेळेसाठी माझे उत्तर एकच आहे आणि ते स्वस्त नाही: तारांकित हॉटेलातले चोवीस तास चालणारे कॉफी शॉप. नरिमन पॉइंट, जुहू आणि सहार विमानतळाच्या परिसरात अशी सोय असलेली हॉटेले आहेत आणि तिथे मुक्कामाला नसलेल्या माणसालाही जेवता येते. इथे जे पैसे जातात ते केवळ पदार्थाचे नसतात. स्वच्छ स्वच्छतागृह, बसायला खुर्ची, बाळाचे दूध गरम करून देणारा माणूस आणि दारात टॅक्सी बोलावून देणारा दरवान, या चार गोष्टी पहाटे तीनला दुसरीकडे एकत्र मिळत नाहीत. साध्या उपाहारगृहात जीएसटी ५ टक्के लागतो, पण ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७५०० रुपयांहून अधिक आहे तिथल्या उपाहारगृहात तो १८ टक्के लागतो, हे बिल पाहून दचकण्याआधी माहीत असलेले बरे. त्या वेळी पूर्ण मेन्यू मिळतो की रात्रीचा आखूड मेन्यू, हेही फोनवरच विचारावे. पिझ्झा आणि सँडविच सर्वत्र असतात, वरणभात किंवा खिचडी सर्वत्र नसते, आणि सत्तरीच्या माणसाला प्रवासानंतर हवी असते ती खिचडीच.

खर्च टाळायचाच असेल तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जावे. लांब पल्ल्याच्या गाड्यांमुळे या स्थानकाला रात्र अशी नसतेच; ऑक्टोबर २०२१ मध्ये मध्य रेल्वेने तिथे जुन्या डब्याचे उपाहारगृहात रूपांतर करून चोवीस तासांची सोय सुरू केली. स्थानकाबाहेर सायकलवर चहाची टाकी लावलेले विक्रेते असतात आणि अंडा बुर्जीची एखादी गाडीही दिसते. दोन धडधाकट तरुण असतील तर मी त्यांना बेलाशक इथेच पाठवीन, पण कुटुंबाचे पूर्ण जेवण इथे होईल अशी अपेक्षा ठेवू नये. मोबाइलवरून मागवणे हाही मार्ग आहे, परंतु परक्या शहरात रात्री अडीचला कोणत्या स्वयंपाकघरातून काय येते आहे हे कळत नाही आणि काही हॉटेले बाहेरचे पार्सल खोलीपर्यंत येऊ देत नाहीत.

वाहनाचा हिशेब या सगळ्याला लागू आहे. साधारण एक ते चार या वेळेत लोकल नसतात. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, त्यामुळे टॅक्सीशिवाय गत्यंतर नसते, आणि मध्यरात्र ते पहाटे पाच या काळात टॅक्सीच्या मीटरवर २५ टक्के अधिक आकार लागतो. कुलाब्यात उतरलेल्या माणसाने केवळ नाव ऐकले म्हणून दोन वाजता जुहूपर्यंत जाणे मला पटत नाही. जेवणाइतकेच पैसे जाण्यायेण्यात जातात.

साडेचारनंतरची मुंबई मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे आणि पर्यटकांच्या याद्यांत ती फारशी सापडत नाही. दादरच्या फुलबाजारात तेव्हा झेंडूच्या पाट्या उतरत असतात आणि हमालांसाठी चहाच्या किटल्या फिरत असतात. ससून डॉकवर मासळीचा लिलाव सुरू होतो. आणि माटुंगा स्थानकासमोरचे राम आश्रय हे दाक्षिणात्य पदार्थांचे उपाहारगृह पहाटे पाचला उघडते. पूर्ण शाकाहारी, स्वच्छ, जलद आणि माफक दराचे असे रात्रीच्या कोणत्याही तासाला जे मिळत नाही, ते इथे पाच वाजता मिळते: वाफाळती इडली, उपमा, शिरा आणि फिल्टर कॉफी. म्हणून ज्यांचे विमान पहाटे तीन-साडेतीनला उतरते, त्यांना मी कॉफी शॉपकडे न पाठवता विमानतळावरच चहा-बिस्किटे घेऊन थोडे थांबायला सांगतो आणि हॉटेलवर जाताना टॅक्सी माटुंग्याहून वळवायला सांगतो. आधीच दक्षिण मुंबईत असलेल्यांनी पहाटेची धिमी लोकल धरावी, जलद गाड्या माटुंग्याला थांबत नाहीत. सोमवार ते शनिवार पावणेसातच्या आत पोहोचले तर जागा लगेच मिळते. रविवारी मात्र सहालाच रांग लागलेली मी पाहिली आहे.