गालिच्याचा सुटलेला काठ: टेप, ग्लू गन आणि शेवटी दाभण (सात महिने वापरून)

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंची जोडवी आमच्या गालिच्याच्या काठात अडकली. हातात तिळगुळाचं ताट, पुढे दोन बायका. पडल्या नाहीत, पण पाय सोडवताना काठाच्या वेलबुट्टीतला लोकरीचा धागा वीतभर उसवून वर आला. तोवर तो काठ सुटलाय हे मला माहीत होतं, फक्त 'बघू कधीतरी' यात होतं. घरात सासूबाई काठी घेऊन चालतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच कामाला लागले.

आधी गालिचा कोणता ते सांगते, कारण उपाय त्यावरच ठरतो. आमचा पाच बाय आठ फुटी, लोकरीचा, उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडचा, पण गाठी मारून विणलेला नाही. टफ्टेड आहे, म्हणजे कापडात यंत्राने लोकर टोचायची, मागून लॅटेक्सचा थर द्यायचा, त्यावर दुसरं कापड चिकटवायचं आणि कडा आत दुमडून डकवायच्या. सगळी भिस्त त्या लॅटेक्सवर. काही वर्षांनी ते वाळतं आणि भुकटी होऊन गळतं. गालिचा उचलल्यावर फरशीवर पिठासारखं काही दिसलं तर ती धूळ नसते, तुमचा डिंक सांडलेला असतो. आमची बाल्कनीकडची पाच फुटी बाजू सुटली, कारण तिथे दुपारभर ऊन येतं.

पहिला प्रयोग दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा. दहा मिनिटांचं काम, दिसायला झकास. भुकटी न झाडताच लावल्यामुळे टेपने भुकटीच धरून ठेवली, कापड नाही. मार्चच्या मध्यात काठ परत वर. फरशीवर जो चिकटा राहिला, तो खोबरेल तेल लावून घासताना माझा अख्खा रविवार गेला. भाड्याच्या घरात चार दिवस पाहुणे येणार असतील तर टेप ठीक.

मग मुलाच्या प्रोजेक्टची ग्लू गन. याबद्दल फार लिहीत नाही. पायाखाली कडक गोळे लागतात, वाकवलं की तुकडा सुटतो आणि एप्रिलच्या उन्हात बाल्कनीकडचे गोळे मऊ पडले.

इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून मी आणखी गोंधळले. ते बहुतेक अमेरिकेतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कार्पेटचे असतात. न्यू जर्सीच्या वन्संकडे तसं आहे: भिंतीच्या कडेने बारीक खिळ्यांची लाकडी पट्टी आणि गुडघ्याने रेटायच्या अवजाराने कार्पेट ताणून तिच्यावर अडकवायचं. आपल्या टाइल्सवर मोकळ्या अंथरलेल्या गालिच्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मे महिन्यात एका गालिचे धुणाऱ्या दुकानात विचारलं. साडेतीन हजार, तेही काठ कापून नवी पट्टी मारणार म्हणाले. घरी आले ती आमच्या गादीवाल्याकडून दाभण घेऊनच. तोच म्हणाला, "ताई, नुसतं चिकटवून नाही भागणार, धरायला दोरा पाहिजे."

केलं ते असं. जुन्या दात घासायच्या ब्रशने भुकटी खरवडून काढली, ओल्या फडक्याने पुसून दिवसभर वाळवलं. मग सुतारकामात वापरतात तो फेव्हिकॉल एसआर, दोन्ही कापडांवर पातळ. हा लावून लगेच दाबायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासा झाला की मग टेकवायचं, आणि एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मी वीत-वीतभर करत गेले. वरून बटर पेपर ठेवून वरवंटा फिरवला. वास भयंकर येतो. खिडक्या सताड उघड्या, गॅस आणि देवापुढची निरांजन बंद, हे अगदी बजावून सांगते, तो पेट घेतो.

त्यावर निवारीची सुती पट्टी दुमडून मेणदोऱ्याने टाके. गोधडीचा हात असल्यामुळे आधी धावदोरा घातला आणि फूटभर गेल्यावर उसवला. धावदोरा थर एकत्र ठेवतो, कड धरत नाही. कडेला काजटाकाच हवा. अर्ध्या इंचावर एक म्हणजे पाच फुटांना एकशेवीस टाके, दोन दुपारी, आणि अंगुस्तान असूनही बोटाला तीनदा टोचलं. तो वर आलेला धागा ओढला नाही, कात्रीने सपाट कापला. लूपची, म्हणजे न कापलेल्या फासांची, वीण असेल तर ओढलेल्या धाग्यामागे अख्खी ओळ येते.

आता डिसेंबर. पावसाळा गेला, दिवाळीची झाडलोट झाली, टाका एकही सुटलेला नाही. सासूबाईंची काठी अडत नाही. तक्रारी आहेतच. गोंद जिथे जास्त झाला तिथे लोकरीवर पिवळट डाग उमटलाय. ती बाजू पुठ्ठ्यासारखी ताठ झाली, त्यामुळे घडी घालता येत नाही, गुंडाळावाच लागतो. दोऱ्याचा मरून रंग दुकानात जुळला होता, घरच्या उजेडात जुळत नाही. डावा कोपरा अजून नखभर वर राहतो, कारण तिथे दुमडीचे चार थर येतात आणि दाभण पारच जाईना.

गाठी मारून विणलेला गालिचा असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. त्याची झालर म्हणजे ज्यांवर गाठी मारतात ते आतले ताण्याचे उभे धागेच असतात, तिथे गोंद लावलात तर पुढे दुरुस्त करणाराही हात जोडेल.

मी जूनमध्ये गालिचा फिरवून ठेवला, शिवलेली बाजू आत, दुसरी बाल्कनीकडे. व्हॅक्यूमचा ब्रश आता काठाला आडवा नेत नाही, काठाच्या कडेकडेनेच फिरवते. तरी परवा झाडताना त्या दुसऱ्या बाजूखाली पांढरं पीठ दिसलं. एसआरचा अर्धा डबा उरला होता म्हणून आनंदाने उघडला, तर झाकण नीट बसलं नव्हतं, आत रबराचा गोळा.