कोथरूड की वाकड? पुण्यात भाड्याचं पहिलं घर ठरवताना

हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं की परभणी असो, जळगाव असो की सांगली, पहिला सल्ला ठरलेला असतो: "वाकडला बघ, ऑफिस जवळ पडेल." पुण्यात आधीपासून राहणारी आत्या नाहीतर मावशी म्हणते, "कोथरूडला ये, आम्ही आहोत की इथे." दोन्ही बाजूंना तथ्य आहे. मी दोन्हीकडे भाड्याने राहिले आहे आणि आता गावाकडून येणाऱ्या भाचरांना घर शोधायला मदत करते. त्यातून जे कळलं ते मांडते.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकटे असाल आणि ऑफिसला आठवड्यातून दोन-तीन दिवसच जायचं असेल, तर पहिलं वर्ष कोथरूडला काढा. रोज जायचं असेल तर वाकड. नवरा-बायको दोघंही हिंजवडीत आणि पदरात लहान मूल असेल, तर कोथरूडचा विचारही करू नका.

जाणं-येणं

कोथरूड डेपोपासून हिंजवडी फेज वन, म्हणजे आयटी पार्कचा पहिला टप्पा, साधारण 15 किलोमीटर. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला, ऑगस्ट 2023 मध्ये नवे रस्ते खुले झाले आणि तिथली कोंडी बरीच सुटली. पण पुढे बावधन, सूस, बालेवाडी करत भूमकर चौकात शिरताना जे अडकायचं ते अडकतंच. वाकडहून अंतर एकदम कमी, तरी वाकड म्हणजे ऑफिसच्या दारात असं समजू नका. फेज वन आणि फेज थ्री यांत मोठा फरक आहे, आणि सकाळी सगळे एकाच वेळी त्याच रस्त्यांवर उतरतात. पावसाळ्यात तर हे आणखी बिघडतं. जून 2025 मध्ये आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेलेले सगळ्यांनी पाहिले. घर बघायला बहुतेक जण रविवारी येतात आणि रिकाम्या रस्त्यावरून अंतर मोजतात. मंगळवारी किंवा बुधवारी, तुमच्या शिफ्टच्या वेळेला एकदा जाऊन बघा. तोच आकडा खरा.

मेट्रोचं गणित वेगळं आहे. वनाज ते रामवाडी ही मार्गिका कोथरूडच्या कडेने निघते आणि डेक्कन, सिव्हिल कोर्ट करत येरवडा, कल्याणीनगरला पोहोचते. त्यामुळे ऑफिस त्या बाजूला असेल तर वाकडचं नावही काढू नका. हिंजवडी ते शिवाजीनगर ही 23 किलोमीटरची तिसरी मार्गिका वाकड, बालेवाडी, बाणेरवरून जाते, म्हणजे तिचा सरळ फायदा वाकडला. कोथरूडकराला ती गाठायला आधी शिवाजीनगरकडे जावं लागणार. घर बघाल त्या दिवशी ती कुठपर्यंत धावते आहे, ते पाहून मगच हिशोबात धरा.

पाणी

भाड्यावर सगळे तासभर घासाघीस करतात आणि पाण्याबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं, पाणी पवना धरणाचं. तिथे नोव्हेंबर 2019 मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि नंतर वर्षानुवर्षं तोच चालू राहिला. मोठ्या सोसायट्या ही तूट टँकर आणि बोअरने भरून काढतात. म्हणून मालकाला, आणि जमलं तर खाली वॉचमनलाही विचारा: उन्हाळ्यात रोज किती टँकर येतात, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरले आहेत की वेगळे मागणार?

कोथरूडला खडकवासल्याचं पाणी. जुन्या सोसायट्यांत ते ठरावीक वेळेला येतं, टाकीत साठतं, भागतं. अधूनमधून गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद असतं आणि शुक्रवारी सकाळी कमी दाबाने येतं; बुधवारी रात्री भरून ठेवायची सवय लागते.

घर बघताना बाथरूममध्ये जा. कोपऱ्यात मोठं पिंप ठेवलेलं असेल, तर आधीच्या भाडेकरूला ते का घ्यावं लागलं ते विचारा. नळाच्या तोंडाशी पांढरा खरपुडा जमला असेल, तर पाणी बहुधा बोअरचं आहे. गीझर आणि केस दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. दलाल हॉलची बाल्कनी दाखवत असतो तेव्हा तुम्ही किचनचा नळ सोडून बघा.

घर आणि मालक

त्याच भाड्यात वाकडला लिफ्ट, पार्किंग, जनरेटर असलेला नवा फ्लॅट मिळतो आणि कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला जुना. कोथरूडच्या घरांना वारा-उजेड मात्र चांगला, खाली झाडं, आणि मालक बहुतेक वेळा त्याच इमारतीत नाहीतर पलीकडच्या गल्लीत. नळ गळला की माणूस समोर असतो. हाच मालक रात्री उशिरा येण्यावर प्रश्नही विचारतो, हे धरून चला. वाकडला मालक कधी बंगळूरला, कधी परदेशात, सगळं दलालामार्फत. मुलं-मुली एकट्याने राहणार असतील तर सोसायटीची कमिटी काय म्हणते, हे दोन्हीकडे आधी लेखी घ्या.

कोथरूडात एक गोष्ट हल्ली सगळ्यात आधी विचारावी लागते: सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे का? डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनीच्या बाजूला जुन्या इमारती एकामागोमाग एक पाडल्या जात आहेत. बिल्डरशी करार झाला की सगळ्यात आधी भाडेकरूला घर सोडावं लागतं. कुणी "अजून नक्की नाही" म्हणालं, तर ते नक्की होत आलेलं असतं असं समजा.

संध्याकाळ

माझ्या मते निर्णय खरा इथे होतो, आणि याच गोष्टीचा कुणी विचार करत नाही. नवं शहर अंगवळणी पडतं ते ऑफिस सुटल्यापासून झोपेपर्यंतच्या वेळात. पहिल्या काही महिन्यांत शनिवार-रविवार अंगावर येतो. आईचा फोन ठेवल्यावर खोलीत कुणी नसतं. अशा वेळी खाली उतरून चालत कुठे जाता येतं का, याला फार किंमत आहे.

कोथरूडला ते जमतं. कर्वे पुतळ्यापाशी रात्री आठलाही भाजीवाले, फळवाले, पुस्तकांची नि औषधांची दुकानं सुरू असतात. पोळी-भाजी केंद्रावर दोन पोळ्या आणि पावशेर भाजी घेऊन घरी जाता येतं. मेसच्या काकूंना दोन दिवस दिसला नाहीत तर त्या तिसऱ्या दिवशी विचारतात, "बरं नव्हतं का?" यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात रविवारी नाटक असतं आणि एकट्याने गेलं तरी कुणी वळून बघत नाही. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक कॉट भाड्याने घेऊन राहणारी मुलं-मुली गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे ओळखी आपसूक होतात.

वाकडला याच वेळी दत्त मंदिर रस्त्यावर गाड्यांची रांग असते. चालत जाण्याजोगी ठिकाणं कमी, जेवण बहुतेकदा ॲपवरून. लिफ्टमध्ये हिंदी बोललं जातं, कारण शेजारी इंदूरचा, रायपूरचा, हैदराबादचा असतो. एकट्या माणसाला इथे ओळखी शोधाव्या लागतात. पण मूल असेल तर चित्र पूर्ण पालटतं. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात मुलं खेळायला उतरतात, त्यांच्या मागे आई-बाप, आणि चार-सहा आठवड्यांत ताप आला तर कुठला डॉक्टर, सांभाळायला कुठली मावशी, हे सगळं शेजारणींकडून कळतं. हे शेजारीही तुमच्यासारखेच घर सोडून आलेले असतात, त्यामुळे पटकन हात पुढे करतात. गणपतीत तर अख्खी सोसायटी एकत्र येते. कोथरूडच्या जुन्या इमारतीत शेजारी प्रेमळ असतात, पण बरेचसे उतारवयाचे. तुमच्या मुलाला खेळायला कुणी सापडेलच असं नाही.

गावाकडची गाडी

सातारा-कोल्हापूरकराला चांदणी चौकातून गाडी पकडता येते, म्हणून कोथरूड. नाशिककराला नाशिक फाटा जवळ, म्हणून वाकड. मराठवाड्याच्या एसटीसाठी शिवाजीनगरजवळच्या वाकडेवाडीच्या स्टँडला जावं लागतं. कोथरूडहून मेट्रोने शिवाजीनगर आणि पुढे रिक्षा, हे सामान असलं तरी झेपतं.

करार

करार 11 महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. तो नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क करारभराच्या एकूण भाड्यावर 0.25 टक्के, डिपॉझिटमुळे त्यात थोडी भर: 20,000 भाडं आणि 60,000 डिपॉझिट असेल तर साडेपाचशे-सहाशे रुपये, वर महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1000. एवढ्यासाठी "नोटरी करून टाकू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बँक, गॅस, पासपोर्ट सगळीकडे नोंदलेला करारच उपयोगी पडतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, आणि वाकडसाठी ती पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे. ते आयुक्तालय 2018 पासून वेगळं आहे.

टोकन देण्याआधी कराराचा मसुदा मागून लॉक-इनचं कलम, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही ते, वाचा. नव्या शहरात तीन महिन्यांपेक्षा जास्त लॉक-इन मान्य करू नका. मालक सहा महिन्यांवर अडून बसला, तर पहिला महिना कोथरूडला कॉट बेसिसवर किंवा वाकडला पीजीत काढा, रोजचं जाणं-येणं बघा आणि मग सही करा.